मुंबई-आग्रा हायवे ठाण्यातून मुंबईत कसा शिरतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न खरोखर आलेले आहेत, बरेचसे तर सिग्नलला उभं असताना टाईप केलेले वाटतात, म्हणून शुद्धलेखन थोडं सुधारून घेतलंय. उत्तरं ठाण्यात राहणाऱ्याच्या नजरेतून आहेत, काही नवी मुंबईकरांसाठी. एखादी गोष्ट आधीच्या उत्तरात आली असेल तर परत लिहिलेली नाही, तिथे नंबर दिलाय.

१. आग्रा रोड, नाशिक हायवे, इस्टर्न एक्स्प्रेस, एनएच थ्री, हे वेगवेगळे रस्ते आहेत की एकच?

एकाच रस्त्याचे तुकडे आहेत असं धरून चाला. आग्र्याहून इंदूर, धुळे, नाशिक करत जो हायवे कसारा घाट उतरतो तो शहापूर, पडघा मागे टाकून भिवंडीच्या बाहेरून वडपे, रांजनोली, माणकोली असा येतो, मग खारेगावची खाडी, साकेत आणि माजिवडा. इथपर्यंत त्याला आपण नाशिक हायवे म्हणतो. माजिवड्यापासून पुढे कॅडबरी, नितीन कंपनी, तीन हात नाका, कोपरी, मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर ते सायन हा इस्टर्न एक्स्प्रेस, म्हणजे पूर्व द्रुतगती महामार्ग. कुठे गेट नाही, कमान नाही, गाडी चालवताना कळत पण नाही की रस्त्याचं नाव बदललं. एनएच थ्री हा त्या अख्ख्या रस्त्याचा जुना सरकारी नंबर, त्याची भानगड प्रश्न ४ मध्ये.

२. मग एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्गाला लोक जुना आग्रा रोड का म्हणतात?

कारण तोच मूळचा आहे. एक्स्प्रेस हायवे नंतर बांधला. त्याआधी आग्र्याकडे जाणारी वाहतूक कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड अशी गावागावातून जायची आणि तो रस्ता रेल्वेच्या पश्चिमेला आहे. एक्स्प्रेस हायवे रेल्वेच्या पूर्वेला, खाडीच्या बाजूने काढला. दोन्ही रस्ते सायनपासून जवळजवळ समांतर येतात, मधे रेल्वे, आणि ठाण्यात तीन हात नाक्याला भेटतात. ठाण्याच्या पुढे जुना रस्ता कापूरबावडी, बाळकुम, कशेळी, काल्हेर, अंजूरफाटा करत थेट भिवंडी गावात शिरतो आणि नवीन हायवे भिवंडीला बाहेरून वळसा घालतो. म्हणून भिवंडीतल्या एखाद्याने पत्ता देताना आग्रा रोड म्हटलं तर जुना की बायपास हे विचारून घ्या, नाहीतर गोडाऊन शोधत अर्धा दिवस जाईल.

३. हायवे नक्की कुठून सुरू होतो? सायन की सीएसएमटी?

एक्स्प्रेस हायवे म्हणून जो रस्ता आहे तो सायनला सुरू होतो. सायनच्या दक्षिणेला तोच प्रवास डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोडवरून होतो, किंग्ज सर्कल, दादर टीटी, परळ, लालबाग, भायखळा, आणि मग जेजे फ्लायओव्हरवरून सीएसएमटी. बोलताना लोक अख्ख्या पट्ट्याला हायवे म्हणतात पण लालबागमध्ये हायवेसारखं काही नाही, तिथे सिग्नल आहेत, बस स्टॉप आहेत आणि दुकानाबाहेर डबल पार्किंग आहे.

इंग्रजांच्या काळात मुंबईतली अंतरं फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजायचे. तेव्हाचे काळ्या दगडाचे, रोमन आकडे कोरलेले मैलाचे दगड शहरात अजून काही ठिकाणी आहेत. वर्षानुवर्षं फुटपाथ उंचावत गेल्यामुळे त्यातले बरेच जमिनीत गाडले गेले होते आणि गेल्या काही वर्षांत महापालिकेने ते शोधून परत उभे केलेत. आजच्या ड्रायव्हिंगशी काही संबंध नाही पण शून्य मैल कुठे असं विचारणारे खूप आहेत म्हणून सांगितलं.

४. बोर्डवर कधी ३ दिसतो, कधी ८४८, कधी १६०, कधी ४८. मी चुकीच्या हायवेला आहे का?

नाही. २०१० मध्ये देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले पण बोर्ड आणि लोकांची तोंडं एका दिवसात बदलत नाहीत. ठाणे ते वडपे हा जुना एनएच थ्रीचा भाग आता कागदोपत्री ८४८ आहे. काही मॅपवर याच रस्त्याला १६० पण दिसतो, दोन्ही नंबर ठाण्याहून घोटीच्या दिशेनेच नेतात, घाबरू नका. नवा तीन नंबर तर पंजाबातल्या अटारीहून मनाली, लेहला गेलाय, म्हणजे तुम्ही हट्टाने एनएच थ्री शोधायला लागलात तर थंडीचे कपडे घ्या. ४८ हा दिल्ली-चेन्नई, त्याच्यात जुना अहमदाबादचा ८ आणि पुणे-बंगळुरूचा ४ असे दोन्ही आले. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून कोकणात जाणारा जुना १७ आता ६६.

माझं मत विचाराल तर मुंबई-ठाण्यात नंबरच्या भरवशावर गाडी चालवूच नका. इथे नाक्याचं नाव चालतं. नाशिककडच्या पाहुण्याला ८४८ ने ये म्हणालात तर तो फोन करून विचारणारच, माजिवड्याला उतरू ना?

५. नाशिकवरून येतोय, माजिवड्याला दरवेळी चुकतो. कुठली लेन धरू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून नीट सांगतो. चूक माजिवड्याला होत नाही, चूक साकेतला होते. खारेगावची खाडी ओलांडली की पुढचे दोन-चार मिनिटं हा निर्णय घ्यायचा वेळ असतो, पण तेव्हा आपण कंटेनरच्या मागे अडकलेलो असतो, समोर दिसतं फक्त त्याचं मागचं दार आणि त्यावरचं हॉर्न ओके प्लीज, वरचा बोर्ड दिसेपर्यंत पुलाचा चढ सुरू झालेला असतो.

मुंबईला जायचं असेल तर पुलावर चढा आणि मुंबईची बाजू धरून ठेवा, मग वरच्यावर निघून जाल. घोडबंदरला, म्हणजे मानपाडा, कासारवडवली, मीरा रोडकडे जायचं असेल तर कापूरबावडीची बाजू धरायची. आणि ठाणे शहरात उतरायचं असेल, स्टेशन, खोपट, वर्तकनगर, राबोडी काहीही, तर पुलावर चढायचंच नाही, खालून यायचं. बाहेरगावच्या लोकांचं इथेच फसतं, त्यांना वाटतं ठाणे आलं म्हणजे सरळ, आणि सरळ म्हणजे पूल, आणि मग ठाण्यात येऊन ठाणे डोक्याखालून निघून जातं. चुकलातच तर पुलावर मागे घेऊ नका, हे सांगावं लागतंय कारण लोक घेतात. पुढच्या फ्लायओव्हरच्या आधी डावीकडे उतरा आणि खालून यू-टर्न घ्या.

आणखी एक, मुळात ठाण्यात यायची गरज आहे का ते आधी बघा. कल्याणला जायचं असेल तर रांजनोलीलाच वळा, डोंबिवलीला माणकोलीवरून खाडीवरचा नवीन पूल आहे, आणि पनवेल किंवा जेएनपीटीला, म्हणजे न्हावा-शेवा बंदराला, जायचं असेल तर खारेगावहून मुंब्रा बायपास. यातलं काहीच करायला माजिवडा लागत नाही.

६. तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी: कुठे वरून जायचं, कुठे खालून?

मुंबईला थेट जायचं तर सगळीकडे वरून. ठाण्यात उतरायचं तर कुठला भाग त्यावर ठरतं. खोपट, वर्तकनगर, पोखरण रोड नंबर एक, समतानगर असेल तर कॅडबरीला खाली. पाचपाखाडी, महापालिका मुख्यालय, लुईसवाडी असेल तर नितीन कंपनी. नौपाडा, हरिनिवास, गोखले रोड, वागळे इस्टेट, मुलुंड चेकनाका असेल तर तीन हात नाका. यातली कॅडबरी आणि नितीन ही नावं कंपन्यांची आहेत, गोल्डन डाईज नाक्याचंही तसंच, आणि शहराबाहेरच्या माणसाला गेट शोधत बसू नको असं आधीच सांगा. रिक्षावाल्याला चौकाचं अधिकृत नाव सांगितलंत तर तो तुम्हालाच विचारेल ते कुठे आलं.

७. कोपरीचा पूल मोठा केला ना, तरी तिथे ट्रॅफिक का?

आधी पूल महत्त्वाचा का ते. प्रश्न २ मध्ये आलं तसं मुंबईत हायवे रेल्वेच्या पूर्वेला आहे आणि ठाणे शहरातला हायवे पश्चिमेला. म्हणजे कुठेतरी त्याला रेल्वे ओलांडावी लागणारच, ती जागा म्हणजे कोपरी. वर्षानुवर्षं दोन्हीकडे रुंद हायवे आणि मधला रेल्वेवरचा पूल अरुंद, त्यामुळे सकाळी मुंबईकडे आणि संध्याकाळी ठाण्याकडे गाड्यांच्या रांगा. २०२३ पासून तो आठ पदरी झालाय आणि फरक पडलाय, नाही म्हणणाऱ्यांनी जुने दिवस आठवावेत.

आता जे अडकतं ते पुलामुळे कमी आणि पुलाच्या दोन्ही टोकांमुळे जास्त. मुंबईकडून येताना आनंदनगर टोलनाक्याला सगळ्या लेन पसरतात आणि परत गोळा होतात, त्यात ऐरोलीकडून येणाऱ्या गाड्या मिसळतात, आणि पूल उतरला की तीन हात नाक्याला खाली जाणारे शेवटच्या क्षणी उजवीकडून डावीकडे घुसतात. पूल वीस पदरी केला तरी हे घुसणं बंद होणार नाही.

८. कारला मुंबईत शिरताना टोल आहे की नाही? कोणी आहे म्हणतं, कोणी नाही.

कारला नाही. १५ ऑक्टोबर २०२४ पासून, म्हणजे १४ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, मुंबईच्या पाचही एंट्री पॉइंटवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे. पाच नाके म्हणजे दहिसर, आनंदनगर, मुलुंडचा एलबीएसवरचा, ऐरोली आणि वाशी. त्याआधी कारला ४५ रुपये पडायचे. एसटी आणि स्कूलबसलाही माफी मिळाली. ट्रक, मोठ्या खासगी बस वगैरेंना आजही भरावा लागतो, म्हणून नाके उभे दिसतात आणि म्हणूनच हा गोंधळ.

ही माफी फक्त या पाच नाक्यांची आहे. सी लिंक, अटल सेतू, पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी, नाशिक हायवेवरचे पडघा आणि घोटीचे नाके, यांचा याच्याशी संबंध नाही. ऐरोलीला फुकट सोडलं म्हणून पुणे एक्स्प्रेसवेच्या खालापूर नाक्यालाही सोडतील असं समजून फास्टॅगमध्ये शिल्लक न ठेवता निघालेले लोक बघितलेत.

९. तीन हजारांचा वार्षिक फास्टॅग पास काढलाय, तरी पैसे कापले गेले. का?

कारण तो पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेवरच्या नाक्यांसाठी आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला, तेव्हा ३००० रुपये होता, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या यातलं जे आधी संपेल ते, आणि खासगी कार-जीप-व्हॅनसाठीच. नाशिकला गेलात तर पडघा आणि घोटीला चालेल. पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी, अटल सेतू हे राज्य सरकारच्या यंत्रणांचे रस्ते आहेत, तिथे फास्टॅगमधून नेहमीचे पैसे जाणार. म्हणजे ठाणेकर महिन्यातून दोनदा नाशिकला जात असेल तर फायदा आहे, पुण्याला जात असेल तर त्या पासचा काही उपयोग नाही. इलेक्ट्रिक कारवाल्यांचं उलटं आहे: ऑगस्ट २०२५ पासून राज्याच्या या तिन्ही रस्त्यांवर त्यांना टोल माफ.

१०. ठाण्याहून फोर्टला जायचंय, सायनवरून जाऊ की फ्रीवेवरून?

कार असेल तर फ्रीवे, फार विचार करू नका. घाटकोपरला छेडानगरच्या पुढे इस्टर्न फ्रीवेचा फाटा लागतो, तिथून गोवंडी, पांजरपोळ, डोंगरातला बोगदा, वडाळा, शिवडी करत थेट पी. डिमेलो रोडला ऑरेंज गेटपाशी उतरता. साधारण १७ किलोमीटर, मधे एकही सिग्नल नाही. पहिला टप्पा २०१३ ला सुरू झाला, घाटकोपरपर्यंतचा २०१४ ला.

अडचण उतरल्यावर आहे. सकाळी नऊ ते अकरा ऑरेंज गेटचा उतार म्हणजे गाड्या सुटतात कमी आणि साचतात जास्त. त्यामुळे दादर, परळ, लालबाग, भायखळ्याला काम असेल तर फ्रीवेचा मोह टाळा, सरळ सायनवरून आंबेडकर रोड. काम फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, कुलाब्याला असेल तरच फ्रीवे. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र लालबागवरून जाणं म्हणजे स्वतःहून गर्दीत शिरणं, तेव्हा परळला जायचं असलं तरी लोकल पकडा.

११. मी स्कूटर चालवते. कुठे कुठे बंदी आहे?

इस्टर्न एक्स्प्रेसवर बंदी नाही, ठाणे ते सायन बिनधास्त या. पण फ्रीवेवर टू-व्हीलर चालत नाही, जेजे फ्लायओव्हरवर चालत नाही. म्हणजे सीएसएमटीला जायचं तर सायन, दादर, लालबाग, भायखळा आणि मग जेजेला पुलावर न चढता खालून मोहम्मद अली रोड. तिथे रमझानच्या संध्याकाळी गेलात तर स्कूटर हातात धरून चालण्याची तयारी ठेवा, पण ते वाईटच असतं असं नाही.

याशिवाय अटल सेतू, सी लिंक, कोस्टल रोड, पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी सगळीकडे टू-व्हीलरला मनाई. मॅप टू-व्हीलर मोडवर ठेवा, कार मोडवर ठेवला की तो छेडानगरला हमखास फ्रीवेवर चढवतो आणि पुढे पोलीस मामा उभे असतातच.

१२. ठाण्याहून रिक्षाने दादरला जाता येईल का?

नाही. मुंबई बेटावर, म्हणजे सायन आणि माहीमच्या दक्षिणेला, रिक्षा चालतच नाही, तिथे टॅक्सी. हायवेने सायनपर्यंत रिक्षा मिळाली तरी भाडं बघून वाटेल लोकल बरी. खरंच बरी.

१३. ठाण्याहून पुण्याला कुठून जाऊ? मुंब्र्यावरून की ऐरोलीवरून?

तुम्ही ठाण्यात कुठे राहता त्यावर आहे. नौपाडा, कोपरी, वागळेकडचे असाल तर हायवेने मुलुंडपर्यंत येऊन ऐरोली पूल, मग ठाणे-बेलापूर रोडने तुर्भ्यापर्यंत आणि तिथून सायन-पनवेल हायवेने कळंबोली. कारला ऐरोलीचा टोल नाही (प्रश्न ८). कळवा, राबोडीकडचे असाल तर विटाव्यावरून ऐरोलीत शिरा, फक्त पावसात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरतं हे लक्षात ठेवा. घोडबंदर, माजिवडा, बाळकुमकडचे असाल तर साकेत, खारेगाव, मुंब्रा बायपास, शिळफाटा, तळोजा, कळंबोली हा जुना एनएच फोरचा रस्ता, कागदावर जवळचा वाटतो.

कागदावर म्हटलं कारण मुंब्रा बायपास हा जेएनपीटीच्या कंटेनरचा रस्ता आहे, डोंगराच्या कडेने जातो, आणि एक ट्रेलर बंद पडला की संपलं. मोठ्या दुरुस्तीसाठी तो महिनोन्महिने बंद ठेवावा लागला आहे, तेव्हा सगळे ट्रक ऐरोलीकडे वळतात आणि मग ऐरोलीचाही बायपास होतो. पहाटे पाचच्या आधी निघणार असाल तर मुंब्रा, नाहीतर ऐरोली. कळंबोलीला एक्स्प्रेसवेला लागलात की कारला एका बाजूचे ३२० रुपये.

१४. नेरूळला राहतो, मुंबईला जायला वाशी, ऐरोली की अटल सेतू?

रोजचा रस्ता वाशीच. सायन-पनवेल हायवेवरच्या वाशी खाडीपुलावर आधी खूप अडकायला व्हायचं, पण तिसरा पूल २०२४ आणि २०२५ मध्ये एकेक बाजू करत सुरू झाल्यापासून खाडीवर सुटका होते. आता अडकतं ते मानखुर्द आणि चेंबूरला. ऐरोली पूल मुलुंड, भांडुप, पवईकडे ऑफिस असेल तर, तोच तुम्हाला इस्टर्न एक्स्प्रेसला आणून सोडतो.

अटल सेतू शिवडी ते न्हावा, जवळजवळ २२ किलोमीटर, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं. कारला एका बाजूचे २५०, रिटर्न ३७५. उलवे, उरण, पनवेलच्या पुढच्या लोकांना सोन्यासारखा आहे. नेरूळहून आधी उलट्या दिशेने उलव्याला जायचं, मग समुद्र ओलांडायचा आणि वर पैसे द्यायचे, हे रोज जमण्यासारखं नाही. पाहुणे आले की एकदा फिरवून आणा.

१५. ठाण्याहून अहमदाबाद हायवेला किंवा बोरिवलीला जायला सायनपर्यंत जावं लागतं का?

अजिबात नाही. माजिवड्याहून घोडबंदर रोडने गायमुखचा घाट चढून थेट पलीकडे, तिथून उजवीकडे वर्सोवा पुलावरून वसई-विरार, डावीकडे दहिसर, बोरिवली. घाटात ट्रक बंद पडला की पर्याय नाही, कारण एका बाजूला नॅशनल पार्क आणि दुसऱ्या बाजूला खाडी. अंधेरी, जोगेश्वरीला जायचं असेल तर विक्रोळीहून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), बीकेसी आणि सांताक्रूझसाठी चेंबूरचा एससीएलआर (सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड). पार्काच्या खालून ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम चालू आहे, झाला की हे उत्तर परत लिहावं लागेल.

१६. पावसात हायवे बंद होतो का?

हायवे सहसा बंद होत नाही, त्याची शेपटी बुडते. म्हणजे सायनच्या पुढे किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट आणि परळचं हिंदमाता, मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की तिथे पाणी. फ्रीवेचा बराच भाग उंचावर आहे त्यामुळे अशा दिवशी तो वाचवतो, पण सगळे तेच करतात. पावसाळ्यात खरा त्रास नाशिक हायवेवर, साकेत आणि खारेगावच्या पुलांवर, जिथे खड्ड्यामुळे गाड्या चालत जाणाऱ्या माणसाच्या वेगाने जातात आणि रांग माणकोलीपर्यंत लागते. सुट्टीवरून रविवारी परत येत असाल तर जेवून न येता जेवायच्या आधी या.

१७. समृद्धी मुंबईपर्यंत आली म्हणतात, मग ठाण्यात कुठे चढायचं?

ठाण्यात नाही. समृद्धीची ७०१ किलोमीटरची लांबी नागपूरहून भिवंडी तालुक्यातल्या आमणेपाशी संपते. इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. ठाण्याहून नाशिक हायवेने वडप्यापर्यंत जायचं आणि तिथून आमणे. म्हणजे १२० च्या स्पीडने नागपूरहून आलेला माणूस शेवटचे पंचवीस-एक किलोमीटर आपल्याबरोबरच साकेतला उभा असतो. ठाणे ते वडपे रस्ता आठ पदरी करण्याचं काम त्यासाठीच आहे.

१८. फ्रीवे ठाण्यापर्यंत येणार होता त्याचं काय?

छेडानगर ते आनंदनगर उन्नत रस्ता, भूमिपूजन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं, खर्च ३३१० कोटी सांगितलाय. त्याच्या पुढे आनंदनगर ते साकेत असा दुसरा उन्नत रस्ता. दोन्ही झाले तर नाशिकहून आलेली गाडी ठाण्याच्या वरूनच फोर्टला जाईल. काम चालू असेपर्यंत हायवेवर बॅरिकेड आणि रात्री क्रेन, त्यामुळे मॅपने दाखवलेल्या वेळेत थोडा वेळ वाढवूनच निघा. टू-व्हीलरवाल्यांनी फार आशा ठेवू नये, कारण प्रश्न ११.

१९. हायवेवर खड्डा किंवा बंद पडलेला ट्रक असेल तर फोन कुणाला करायचा?

अपघात किंवा धोका असेल तर कुठेही ११२. नाशिक हायवेवर म्हणजे राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. मुंबईच्या हद्दीतला इस्टर्न एक्स्प्रेस २०२२ च्या निर्णयानंतर मुंबई महापालिकेकडे आलाय, तिथली खड्ड्याची तक्रार त्यांच्याकडे. ठाण्याच्या बाजूला एकेक पूल आणि पट्टा वेगवेगळ्या यंत्रणेकडे आहे त्यामुळे आमच्याकडे येत नाही हे उत्तर मिळू शकतं. फोटो काढताना दिव्याच्या खांबाचा नंबर किंवा जवळचा नाका त्यात येऊ द्या, नुसता खड्डा कुठलाही असू शकतो.

२०. घर शिफ्ट करायचंय, मोठा टेम्पो दिवसा ठाण्यात आणता येईल का?

जड वाहनांना ठाण्यात सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी बंदी असते, साधारण दुपारचे काही तास आणि रात्री सोडतात. वेळा वाहतूक पोलीस मधूनमधून बदलतात, घोडबंदरला काम निघालं की वेगळी अधिसूचना येते, म्हणून आदल्या दिवशी ट्रान्सपोर्टवाल्याकडून खात्री करा. छोटा हत्ती दोन फेऱ्या मारेल पण अडकणार नाही. गणपती विसर्जनाच्या दिवशी तर मुळीच ठरवू नका.

२१. एअरपोर्टला ठाण्याहून कुठून जायचं?

आधी तिकिटावर कुठला एअरपोर्ट आहे ते बघा, हा टोमणा नाही. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. सहारच्या टी-टूला जायचं तर हायवेने विक्रोळी, जेव्हीएलआर, पवई, मरोळ. नवी मुंबईला जायचं तर प्रश्न १३ मधला ऐरोलीचा रस्ता धरून नेरूळपर्यंत आणि तिथून आम्र मार्गाने उलव्याच्या दिशेला. दोन्ही रस्ते मुलुंडलाच फुटतात, त्यामुळे कोपरी ओलांडायच्या आत ठरलेलं असू द्या.

२२. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना टोल माफ असतो ना, मग एक्स्प्रेसवेवर का कापला?

माफी आपोआप मिळत नाही. सरकार दरवर्षी गणेशोत्सवासाठी निर्णय काढतं, त्यात तारखा आणि रस्ते दिलेले असतात, आणि त्यासाठी आरटीओ, वाहतूक पोलीस किंवा पोलीस ठाण्यातून पास घ्यावा लागतो. पासवर गाडीचा नंबर असतो, भावाच्या गाडीचा पास आपल्या गाडीला चालत नाही. जाताना पळस्प्याला हायवे ६६ ला लागा, तिथपर्यंतचा रस्ता प्रश्न १३ मधलाच. परतीसाठीही तोच पास असतो, म्हणून गावाला पोचल्यावर काचेवरून काढून फेकू नका.